नूतनला पाजलं नाही त्याचं कारण

आत्या,

तुम्ही उठायच्या आत सहाच्या एसटीनं मंचरला गोळ्या आणायला चाललेय. दोन दिवस ह्यांना गाडी काढा म्हणतेय, त्यांचं आपलं "बघू उद्या".

माझ्या रिपोर्टात व्हायरस सापडला नाही म्हटल्यावर तुम्हाला किती आनंद झाला! "सुटलीस गं पोरी, आता कशाला त्या गोळ्या?" म्हणालात. सोमवारी लेण्याद्रीला नवस फेडलात आणि येताना माझी गोळ्यांची बाटली नदीत सोडलीत. मायेनंच केलंत, मला राग नाही. पण आत्या, एचआयव्ही गेलेला नाही, गोळीनं दबलाय एवढंच. रानडुकरं दिसत नाहीत म्हणून आपण भाताची राखण सोडतो का? सहा वर्षं एक रात्र चुकवली नाही, तेव्हा कुठं अंगात ताकद आली. आता तीन रात्री चुकल्या.

काल नूतन दुधासाठी टाहो फोडत होती, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आई हाय का वैरीन?" छाती दगडासारखी झालीय, तरी पाजलं नाही. गोळी नसताना माझ्या दुधातून तिला आजार जाईल, या भीतीनं जीव उडालाय.

तिला मऊ भात कालवून द्या, दूध उकळून वाटीनंच पाजा. रडली तर माझी साडी पांघरून कुशीत घ्या, वास ओळखते ती.

नवी बाटली तुमच्याच हातात देईन. रोज रात्री जेवणं झाली की गोळी तुम्हीच मला द्या. पाया पडते, आत्या. मला अजून पुष्कळ वर्षं तुमची सून राहायचंय.

वैजयंती