कोपऱ्यातली सही

कडा, ता. आष्टी
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय हुस्ना,

सलाम. इकडे सगळे बरे आहेत, हॉस्टेलवर तूही बरी असशील. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर एकच टिक येते, म्हणून शेवटी पोस्टाचं पाकीट आणलं. अम्मीचे गुडघे होते तसेच आहेत. जरीना खाला येऊन तुझ्या लग्नाचं विचारत होती, अम्मीनं तिला चहा पाजून वाटेला लावलं. दुकानात फ्लेक्सचं काम लई, मशीनला दम नाही.

हे ऐकायला तू पाकीट फोडलं नसशील, ठाऊक आहे मला. चौकातल्या त्या बजरंगच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल लिहायला बसलोय आणि अर्धं पान गुडघ्यांवर घालवलं.

चार वर्षं तू त्या जपानच्या कोहारुची चित्रं बघत होतीस. नोकरी सांभाळून ती बाई आवडत्या मालिकेतल्या दिवेवाल्या म्हाताऱ्याची चित्रं काढायची आणि इंटरनेटवरच्या आपल्या पानावर लोकांना फुकट दाखवायची. पानावर वरच लिहिलेलं, चित्र उचलून दुसरीकडे टाकू नये. तुझ्यासाठी ती काळ्या दगडावरची रेघ. तिला दोन ओळी लिहायच्या तर जपानी वाक्य तीनतीनदा तपासायचीस, आणखी एक काढा असं कधी म्हणाली नाहीस. मी हसायचो. बाई जपानात, तू कड्यात, आणि ओढणी सावरून काय बोलतेस, म्हणायचो.

मग तिनं आपण होऊन तुझ्यासाठी चित्र काढलं. म्हातारा आपल्या बालाघाटच्या डोंगरात सीताफळ फोडून बसलाय. सीताफळ कसं असतं ते तूच तिला कळवलं होतंस. हे फक्त तुमच्यासाठी आहे, एवढंच तिनं लिहिलं होतं. खोलीत लावायला त्याची एक प्रत तू माझ्याकडून काढून घेतलीस, आणि फाइल दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहिली. तू तिला लिहायचीस ते खातंही तिथं उघडंच राहिलं.

बजरंगला काहीतरी वेगळं हवं होतं. चित्र दिसल्यावर तो हटेचना. मला तुला एक फोन करता आला असता. तू नाही म्हणशील हे माहीत होतं, म्हणूनच केला नाही. तो माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "कोपऱ्यात ते काय वळवळ हाय बे? डाग दिसतोय, काढ."

मी काढला. मलाही डागच वाटला असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. ती सही आहे हे मला माहीत होतं. म्हाताऱ्याच्या शेजारी बजरंगचा गॉगलवाला फोटो लावला आणि फ्लेक्स चौकात गेला. पोरांनी त्याचे फोटो इन्स्टावर टाकले, ते फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचले.

तुला वाटतं, तिनं ते पाहिलं आणि न बोलता सगळी चित्रं हटवून निघून गेली. तसं झालं नाही, हुस्ना. तिनं आधी तुला लिहिलं होतं. तुझ्या उघड्या खात्यावर ते मी मोबाइलवर भाषांतर करून वाचलं. त्रास देते, क्षमा करा, हे चित्र तुमच्या गावात लागलेलं दिसलं, कदाचित तुम्हाला माहीत नसेल, उतरवता येईल का? एवढंच.

मला राग आला. चौकात लावलेला फ्लेक्स काय बाईच्या सांगण्यावरून उतरवू? तुझ्या नावानं मी तसंच भाषांतर करून उत्तर दिलं. इतक्या लोकांनी चित्र पाहिलं, तुमचंच नाव झालं, आमच्याकडे असंच चालतं, आणि तुम्हीसुद्धा दुसऱ्याच्याच मालिकेवरून काढता ना? तुमचं नाव झालं म्हणालो, आणि सही मीच पुसली होती.

तिचं उत्तर आलं: "आजवर माझी चित्रं प्रेमानं पाहिलीत, मनापासून आभार." संध्याकाळपर्यंत तिचं पान रिकामं. तुझ्या खात्यावरचे सगळे मेसेज मी पुसून टाकले.

तू माफीचं पत्र लिहून बसलीस आणि ते जायला जागाच नव्हती. मला म्हणालीस, "भाई, तिला वाटलं असेल मीच दिलं." कधी न पाहिलेल्या बाईपायी सख्ख्या भावाशी भांडतेस का, असं मी तुलाच सुनावलं. तिचं बघून तूही चित्रं काढायचीस, त्यानंतर पेन्सिल हातात धरली नाहीस. आता तुझं टेबल रोज मी पुसून ठेवतो.

गेल्या महिन्यात इंटरनेटवर एक पान दिसलं. नाव वेगळं, मालिका वेगळी. पण म्हाताऱ्यांच्या बोटांची पेरं ती जशी जाड काढते, तशी दुसरं कोणी काढत नाही. सही खोडताना तिचं चित्र इतकं मोठं करून पाहिलंय की मला ते कळतं. वर लिहिलंय, जुन्या नावाबद्दल विचारू नये, ओळखलं तरी बोलू नये. माझ्या नावानं माफी लिहून ठेवली होती, पाठवली नाही. पाठवली असती तर कुणीतरी शोधून काढलं हे तिला कळलं असतं, आणि बिचारी पुन्हा उठून गेली असती.

त्या पानाचा पत्ता तुला द्यावा असं फार वाटलं. तीन दिवस कागदावर लिहून खिशात ठेवला, चौथ्या दिवशी फाडला. या पत्रात तो नाही, शोधू नकोस. तू रागावशील, रडशील, तरी देणार नाही. ती अजून काढते, एवढं फक्त तुला माहीत असावं.

ते उत्तर तू लिहिलं नव्हतंस, हे कोहारुला कधीच कळणार नाही. ते शब्द तिच्याकडे तुझ्याच नावानं राहतील. ते मला आता पुसता येत नाहीत.

तू ठेवलास तर, तुझा भाई,
अशफाक