उचल म्हटलं, तेही लिहिलं

४ फेब्रुवारी
आले एकदाची नातीच्या घरी! तीन जिने चढताना माझे गुडघे मला शिव्या देत होते. पणतू अठरा दिवसांचा; नाक माझं, म्हणजे बिचाऱ्याचं नशीब. नातजावई जहाजावर, म्हणून मदतीला मी. बाळाला तपासायला घरी येणाऱ्या नर्सबाईंनी वही दिली आहे, दूध किती, झोप किती ते लिहायला. मला अक्षरओळख नाही. नातीला म्हटलं, रोज त्यात माझ्याही चार ओळी लिहून घे, तेवढीच म्हातारी कागदावर येईल. ती हसली नाही. दमली असेल.

७ फेब्रुवारी
नात भारी शिस्तीची. बाटली उकळते, दूध मोजते, वेळ लिहिते. बाळ मात्र पाळण्यातच. बाटली उशीला टेकवलेली. मी उचललं की गप्प होतं. म्हटलं, अगं घे की, चावत नाही तो, दात यायचेत अजून. ती वहीतून वर बघेना.

११ फेब्रुवारी
बाळाचं वजन घटलंय. नर्सबाई म्हणाल्या, अठराला येते, तोवर वाढायलाच हवं. मी पूर्वी काय काम करायचे तेही त्यांनी विचारलं. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा कारखाना. साच्यातून निघालेली गरम बाटली धरायची, पात्याने कडा तासायच्या. लेक, म्हणजे नातीची आई, पोटात होती तेव्हाही. त्या म्हणाल्या, खात्रीने कुणी सांगत नाही, पण त्यातली रसायनं पोटातल्या जिवात उतरत असावीत, त्याच्या पोरांतही. प्रयोगातल्या उंदरिणी म्हणे पिल्लांना चाटेनाशा झाल्या. मी म्हटलं, आम्ही तरी कुठे चाटतो बाई! कुणीच हसलं नाही.

१३ फेब्रुवारी
लेकीला फोन केला, तुझी मुलगी बाळाला घेत नाही. ती म्हणाली, रडू दे, थांबतात आपोआप. आई, तूही मला असंच ठेवायचीस की. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.
मी जन्मभर सांगत आले, माझी लेक गुणी, रडायचीच नाही. रडायची. मला ऐकू यायचं. मी कपडे वाळत घालत राहायचे —

१५ फेब्रुवारी
बाळ रडतंय. उचल म्हटलं. तिने लिहिलं. अगं लिहू नकोस, उचल! तेही लिहिलं. शेवटी मीच —

१६ फेब्रुवारी
आज मीही उठले नाही. काही दुखत नाही. नर्सबाईंना बोलवायला हवं. फोन हाताशीच आहे —

१७ फेब्रुवारी
सकाळपासून रडत होता. आता बारीक. आम्ही दोघी बसलोय. वाईट वाटायला हवं — कुठे असतं ते —
एवढं वाक्य झालं की उठते. लिही, उठते. आता आवाज थांबलाय —