रिकाम्या खोल्यांचं रेकॉर्डिंग

सोमवार, दुपार

प्रिय ढब्बूस,

ताईचे पुष्कळ आशीर्वाद. आई आणि मी, दोघी बऱ्या आहोत. तू कसा आहेस ते कळव. खरं तर विचारायचं आहे ते एवढंच, इथेच सही करून पाकीट चिकटवलं तरी चालेल. पण मला तू ओळखतोस. निघते निघते म्हणत दारात तासभर बोलणारी बाई मी.

तुझा फोन बरेच दिवस लागत नाही. आधी वाटलं, गाल फुगवून बसला असशील. मग तुझ्या ऑफिसात विचारलं, तर तू काम सोडलंस म्हणाले. त्यांच्याकडे तुझ्या घरमालकांचा पत्ता होता, त्यावर हे पाठवते आहे. घरमालक, तुम्ही हे फोडलं असेल तर राग नाही, फक्त शेवटपर्यंत वाचा आणि त्याच्या हातात द्या.

आता बातमी. आई माझ्याकडे राहायला यायला तयार झाली. चक्क स्वतःहून म्हणाली की गुडघ्यांना आता हे जिने झेपत नाहीत. अट एकच, बाबांच्या कॉम्प्युटरमधलं सगळं बरोबर आलं पाहिजे. ते धूड उचलून न्यायचं म्हणजे वाटेतच राम म्हणणार. ते सुरू होईपर्यंत आपला चहा पिऊन होतो. तेव्हा त्यातलं सगळं एका बाहेरून जोडायच्या हार्ड ड्राइव्हवर उतरवून घ्यायचं ठरलं.

तू त्या ‘सगळं’ला काय म्हणाला होतास ते मी विसरले नाही आणि आईही विसरलेली नाही. पण मला सांग, आपलं घर सोडून कोणत्या घरात रविवारी सकाळी माणसांना खोलीबाहेर हाकलून रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग होत असेल? नाटक-सिनेमाचे आवाज टिपणारा माणूस बाप म्हणून मिळाला की असं होतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणायचे. मधोमध माइक ठेवायचे, ‘स्वयंपाकघर’ असं मोठ्याने सांगायचे, बाहेर येऊन कडी लावायचे, आणि आपण तिघं पॅसेजमध्ये तोंड दाबून उभे. तू हमखास फिसकन हसायचास आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं.

बाबा गेल्यावर आईने ते चालू ठेवलं. आता खोलीचं नाव ती सांगते. तू तिला म्हणालास, रिकाम्या खोलीत काय ऐकत बसतेस, भंगारात घाल ते. दुसऱ्या दिवशी तू घर सोडून गेलास. तेव्हापासून तुझ्या खोलीचं दार आम्ही फक्त रविवारी उघडतो.

तर ड्राइव्ह. चौकातला तो जाड चष्मा लावणारा दुकानदार आठवतोय ना, बाबांना वायरी विकणारा? त्याने टेबलावर मांडामांड केली. खिशात मावणारी ड्राइव्ह घेतली तर म्हणे तुमच्या जुन्या मशीनचा यूएसबी तिला पुरेशी वीज देणार नाही, लावायचीच तर मागच्या बाजूला लावा. मोठी घेतली तर तिला स्वतःचा अडॅप्टर असतो, पण फार मोठी घेऊ नका, जुन्या मशीनला ती ओळखूच येणार नाही. आत चकती फिरणारी स्वस्त, बिनचकतीची महाग. जुन्या मशीनवर दोन्ही सारख्याच रेंगाळणार, मग उगाच महाग कशाला? मला पटलं. आईला नाही. तिने एकेक ड्राइव्ह लावायला सांगितली आणि कान जवळ नेला. चकतीची घरघर ऐकून मान हलवली. ‘आवाज न करणारी द्या,’ म्हणाली. मी चिडले, दुकानदारासमोर वाद घातला. शेवटी बिनचकतीचीच आली. आईशी वाद घालून कोणी जिंकलंय?

उतरवून घ्यायला सबंध दुपार लागणार होती. बसून बसून कंटाळले म्हणून बाबांचे हेडफोन लावले आणि ड्राइव्हवर उतरलेली एकेक फाइल ऐकू लागले. कॉम्प्युटरचं घड्याळ कधीच बिघडलंय, तारखांवर विश्वास नाही. पण सुरुवातीला बाबांचा आवाज असला की ती त्यांच्या वेळची, आईचा असला की नंतरची. बाबांच्या फायलींमध्ये काहीच नव्हतं. छान, स्वच्छ काहीच नाही. मग आईची लावली. ‘मधली खोली,’ आई म्हणाली. तिची पावलं, दार, कडी. आणि मग, माइकच्या अगदी जवळ, कोणीतरी घसा साफ केला.

मी ड्राइव्ह उचलली आणि तशीच दुकानात गेले. म्हटलं, माल खराब दिलात. त्याने स्वतः ऐकलं, पुन्हा ऐकलं, हेडफोन काढले. ‘ड्राइव्ह उत्तम आहे, ताई. यात कोणी वयस्कर गृहस्थ खाकरताहेत, तेवढंच.’

घरी आले तेव्हा आई उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती. मी विचारलं, तू हे ऐकलंयस? तिने दोरा दातांनी तोडला. ‘मग मी काय इतके दिवस नुसती शांतता ऐकत बसले होते?’

तुला वाटेल मी घाबरले. नाही रे. मी रडले, पोटभर, आणि बरं वाटलं. सगळ्या फायली ऐकल्या. स्वयंपाकघरात ते आहेत, पॅसेजमध्ये आहेत, बाल्कनीचं दार लोटताना आहेत. फक्त तुझ्या खोलीत नाहीत. तिथे प्रत्येक वेळी स्वच्छ काहीच नाही. आई म्हणाली, धाकट्याच्या खोलीत ते विचारल्याशिवाय जात नसत, विसरलीस का? म्हणजे बघ, तुझा मान अजून राखतात.

इथवर लिहून मी उठले होते. कपडे वाळत घातले, नको तेव्हा कपाट आवरलं. आता लिहिते.

काल रविवार. या घरातलं शेवटचं रेकॉर्डिंग म्हणून आम्ही सगळ्या खोल्या केल्या. तुझी सर्वांत शेवटी. ‘धाकट्याची खोली,’ आई म्हणाली. कडी मी लावली आणि संपेपर्यंत हात कडीवरच ठेवला. मग दोघींनी एकाच हेडफोनला कान लावून ऐकलं. खाकरणं नव्हतं. कोणीतरी बोटं मोडत होतं. एकेक करून, सावकाश, आणि शेवटी डाव्या हाताचा अंगठा, जो मोडत नाही म्हणून दोनदा ओढायचा. आपल्या घराण्यात असं करणारं तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही.

आईचा चेहरा इतका खुलला की मला बघवेना. ‘आला गं,’ म्हणाली.

आता ती माझ्याकडे यायला तयार नाही. दोघं घरात असताना मी कुठे जाऊ, म्हणते. तुझ्या खोलीतली चादर बदलली तिने. मी सांगितलं की जुनी मशीन आहे, काहीबाही कडकडतं. तिने माझा हात थोपटला, आपण लहान मुलांचा थोपटतो तसा.

तिला हिशेब कळत नाही असं नाही. तिला तो करायचा नाही. मला मात्र रात्रभर दुसरं काही सुचलं नाही. बाबांच्या हयातीतल्या एकाही फाइलमध्ये बाबा नाहीत. ते गेल्यावरच ऐकू येऊ लागले. तू कालपर्यंत एकाही फाइलमध्ये नव्हतास.

ती एक फाइल मी उतरवून घेतली नाही. आईला म्हटलं, जागा संपली. धडधडीत खोटं, ड्राइव्ह अर्धीही भरलेली नाही. पण मी माझ्या हाताने तुला बाबांच्या रांगेत ठेवणार नाही. काय वाटेल ते होवो, ते मी करणार नाही.

आणि एक. आज सकाळी फोन आला होता. अनोळखी नंबर. मी ‘हॅलो’ म्हटलं, पलीकडून कोणी बोललं नाही. फोन चालू होता, खोली असावी तसं काहीतरी ऐकू येत होतं. मी पुढे ऐकलंच नाही, ठेवून दिला. माझी हिंमत झाली नाही, ढब्बू. मागाहून त्या नंबरवर लावून पाहिलं, तर कोणी उचलत नाही.

तो तूच होतास आणि काय बोलावं हे न सुचून गप्प राहिलास, असं मी धरून चालले आहे. तर पुन्हा कर. आईच्या फायलींना भंगार म्हण, मला वेडी म्हण, पैसे माग, शिवी दे, मी सगळं ऐकून घेईन. फक्त मी उचलल्याबरोबर आधी तू बोल.

फोनपाशी बसून राहिलेली,
तुझी ताई