बारीक फोडलेलं सरपण

ऑस्लो, गुरुवार, ३ ऑक्टोबर २०१३

प्रिय आयलिफ,

अक्षर ओळखलंच असशील. डोंगरातल्या घराच्या वहीत इतकी वर्षं तेच वाचतो आहेस. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण तिसऱ्या मजल्यावर अजून माझी मीच चढते. तू बरा आहेस ना? हे नुसतं रीत म्हणून विचारत नाही, पण त्याकडे मागाहून येते.

आधी घराच्या बातम्या. गेल्या आठवड्यात माझी पाळी होती. माळ्यावरची गादी उंदरांनी कुरतडली आहे. होडी ओढून पालथी घातली. एकटीला अर्धा दिवस लागला आणि तोंडातून आईला न आवडणारे शब्द गेले. धुराड्याची झडप पुन्हा अडकते. तळ्याकाठची बर्चची झाडं पिवळी झाली आहेत. हे सगळं वहीत लिहिलं आहेच, तरी पुन्हा लिहिते आहे, म्हणजे ओळखून घे की मला मुद्द्यावर यायचं नाही.

काल आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कॉफीमंडळ जमलं. पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता नोबेल शांतता पुरस्कार जाहीर होणार, तेव्हा दरवर्षीचं भांडण आलंच. आमच्यातल्या प्रत्येकाला वाटतं की समितीने निदान आपल्याला तरी विचारायला हवं होतं.

"डॉक्टरांना द्या," तुरीद म्हणाली. ती जन्मभर नर्स होती. "गोळ्या सुटतात तिथे जाऊन टाके घालतात बिचारे."

"कुणालाच देऊ नका," रोआर म्हणाला. हा ट्राम चालवायचा, आणि अजूनही सगळ्यांना खाली उतरवायच्या सुरात बोलतो. "पाच वर्षं कुलूप घाला. मग बघा कशी सुतासारखी सरळ येते दुनिया."

"तुझं प्रगतिपुस्तक कुलपात ठेवलं असतं तर तू सरळ आला असतास का रे?" तुरीदने विचारलं.

सगळे हसले. मीही हसले. मग रोआरने माझ्याकडे मोर्चा वळवला. "मास्तरीणबाई आज गप्प? बरोबर आहे, त्यांच्या घरात आहे की पुरस्काराचा एक तुकडा! अठ्ठ्याऐंशी साली शांतिसेनेला मिळाला होता ना? तूच म्हणाली होतीस, भाऊ लेबनॉनमध्ये होता."

मी म्हणाले, "मला भाऊ नाही."

किती सहज म्हणाले, आयलिफ! शाळेत हजेरी घेताना 'गैरहजर' म्हणावं तसं. तुरीदने माझ्या ताटलीत आणखी एक वाफल ठेवलं, वर तपकिरी चीज. मी ते वाफल तिथेच टाकून वर आले आणि कोट न काढता तशीच स्वयंपाकघरात बसून राहिले.

अठ्ठ्याऐंशी साली पुरस्कार जाहीर झाला तो दिवस तुला आठवतोच. मला तर पाठ आहे. आईने सायीचा केक केला होता, त्यावर कागदी झेंडा खोवला होता. "माझ्या आयलिफला मिळाला," असं ती दारात उभी राहून शेजाऱ्यांना सांगत होती. मी तेव्हा मोर्च्यांत जायची, घोषणा द्यायची, शांतता म्हणजे काय ते मला एकटीलाच कळत होतं. मी म्हणाले, "बंदूक खांद्यावर घेऊन कसली शांतता? तुझ्या तुकडीतला तेर्ये सुरुंगावर पाय पडून मेला, त्याला काय मिळालं? तू जिवंत परत आलास म्हणून तुला केक."

तू काटा खाली ठेवलास. आपली ताटली धुतलीस, पुसलीस, फडताळात ठेवलीस आणि गेलास. तू आरडाओरडा केला असतास तर मला सोपं गेलं असतं. आई गेल्यावर वकिलाने डोंगरातल्या घराचे वर्षातले सम क्रमांकाचे आठवडे तुझे, विषम माझे असं ठरवून दिलं आणि आपलं बोलणं त्या वहीपुरतं उरलं. पाऊस. उंदीर दोन. रॉकेल संपलं.

आता जे नऊ वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं ते लिहिते. त्या हिवाळ्यात मी बर्फावर घसरले आणि उजवं मनगट मोडलं. तुला कुणी कळवलं नव्हतं. वहीत मी डाव्या हाताने लिहिलं, कोंबडीचे पाय उमटल्यासारखं, तेही फक्त हवामान. त्यानंतरच्या माझ्या आठवड्यात जाऊन बघते तर चुलीपाशी सरपण रचलेलं, आणि प्रत्येक ढलपी एका हाताने उचलता येईल इतकी बारीक. तेव्हापासून दर वेळी तशीच. मनगट कधीच बरं झालं. मी तुला सांगितलं नाही. सांगितलं तर तू थांबशील, ही भीती होती. त्या ढलप्या जाळत मी पुस्तक वाचत बसायची, आणि आत कुणीतरी माझी वाट बघून गेल्यासारखं वाटायचं.

आणि या वेळी तिथे काहीच नव्हतं. वहीत तुझी ओळ: "आठवडा अडतीस. पाऊस. लाकूड जमलं नाही."

जमलं नाही म्हणजे काय? पाठ आहे का? छाती? तू कधीही 'जमलं नाही' म्हणणारा माणूस नाहीस. चार दिवस मी अंगावर रजई घेऊन त्या ओळीकडे बघत होते. तुझा नंबर माझ्याकडे आहे, पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवलास तर ते मला सोसणार नाही, म्हणून हे पत्र.

तू पुरस्काराच्या लायकीचा होतास की नाही यावर मी आता वाद घालत नाही. तुला तो विषयच नको असेल. मी एवढंच म्हणते की तेर्येचं नाव मी उच्चारायला नको होतं. मी चुकले. माफ कर.

पुढचा आठवडा एक्केचाळीस, म्हणजे माझा. मी बुधवारीच जाते. लाकूड मी फोडेन. जाड आणि वेडंवाकडं निघेल, हसू नकोस. शुक्रवारी अकराला रेडिओ लावेन, आईच्या साच्यात वाफलं करेन. ये. वाटेल त्या नावावर भांडू. यायचं जमणार नसेल तर तसं एका ओळीत लिही. वहीत नको, मला लिही. मी येईन तुझ्याकडे.

आज संध्याकाळी खाली जाऊन रोआरला आणि तुरीदला सांगणार आहे की काल मी खोटं बोलले.

तुझी बहीण,
आसलाउग