पाटीवरची कृष्णाबाई

१४ जानेवारी १९६२, रविवार

चाललं! एकदाचं आमचं चक्र चाललं! खाडीवरून वारा आला, शिडाच्या जुन्या फडक्याचे पंखे फुगले आणि पत्र्याचे डबे पाणी घेऊन वर चढायला लागले. खाडीचं पाणी आमच्या मिठागरात — आणि कुणी हातसुद्धा लावलेला नाही. हिरामण तर नाचायलाच लागला. तो सुताराचा, लाकूडकाम सगळं त्याचं. सायकलची साखळी नामाने आणून बसवली. पण पंखे किती तिरके हवेत ते मी काढलं, दोनदा तोंडावर आपटून. हे इथे लिहून ठेवते, कारण नामा सगळ्या आळीत "माझं चक्र" करत फिरतोय. फिरू दे. चुलतभाऊ आहे माझा. लहानपणापासून माझ्याच ताटात जेवून माझ्यावरच रुबाब करतो.

विज्ञानाचे ओक सर उद्या बघायला येणार आहेत.

१५ जानेवारी

सर बांधावर उभे राहून बघतच राहिले. मग माझ्या बाला म्हणाले, पुण्याला विद्यापीठात शाळांचं प्रदर्शन आहे, तिथे हे मांडू. तिथला दाखला राहीच्या हातात पडला की मॅट्रिकनंतर तिला पुण्यात कॉलेज आणि मुलींच्या वसतिगृहात जागा, दोन्हीसाठी मी स्वतः शब्द टाकतो. मी बाच्या तोंडाकडे बघत होते. बा हो म्हणाला नाही. पण नाहीही म्हणाला नाही!

चहा आणायला घरात गेले. परत आले तर सर पाटीवर घालायला नावं लिहून घेत होते आणि बा चक्क हसत होता. पाहुण्यांसमोर बा हसतो म्हणजे काम झालंच समजायचं. नामा मात्र तोंड पाडून साखळीला तेल देत होता. जळला असेल.

आय म्हणते भात करपवलास. करपू दे. दाखला, दाखला, दाखला!

२० जानेवारी

सरांना ताप. येणार नाहीत. सोबत शिवणाच्या बाई. त्यांना चक्रातलं ओ की ठो कळत नाही, पण जीव लावतात. पाटी सरांनी रंगवून कापडात शिवून दिली आहे, तिथेच उघडा म्हणाले. बाई म्हणाल्या, बोलायचं राहीने.

२२ जानेवारी

पुण्यात आहोत. पनवेलला एस.टी. बदलली. चक्र टपावर बांधलं होतं, घाटात प्रत्येक वळणाला हिरामण खिडकीतून मान काढून वर बघायचा आणि कंडक्टर त्याच्यावर ओरडायचा. मी अख्खी वाट तोंडातल्या तोंडात घोकत होते — "हाय" नाही, "आहे". "न्हाय" नाही, "नाही". बाई हसून हसून दमल्या. नामा हसला नाही. पोटात दुखतंय म्हणाला.

२३ जानेवारी

पाटीवर माझं नाव नाही.

२४ जानेवारी

काल लिहवलंच नाही. आज लिहिते.

एवढं मोठं दालन! किती शाळांची मुलं, किती यंत्रं. आमचं चक्र उभं केलं. मी हौसेने पाटीची शिवण उसवली. सुरेख अक्षरं. नामा घरत. हिरामण सुतार. आणि तिसरं — कृष्णाबाई धर्माजी कडू.

मी पुन्हा वाचलं. कोण ही? आमच्या शाळेत अशी मुलगी नाही, आमच्या गावात अशी बाई नाही. मला वाटलं दुसऱ्या कुणाची ओळ चुकून आली. नामाला विचारलं. तो तिकडे तोंड करून म्हणाला, "मना नको इचारू." म्हणजे त्याला ठाऊक आहे! हिरामणला खरंच काही ठाऊक नव्हतं, तो माझ्याइतकाच बावचळला. बाई म्हणाल्या, आता गडबड नको, सरांना विचारू.

तेवढ्यात परीक्षक आले. दोघे प्राध्यापक. एकाने पाटी वाचून विचारलं, यातल्या कृष्णाबाई कोण? मी तोंड उघडणार, तर नामा माझ्या पुढे झाला.

"त्या आल्या नाहीत."

"मग ही?"

"ही माझी बहीण. बघायला आलीय."

बघायला! मी!

पुढचं मला नीट आठवत नाही. नामा अडखळत काहीतरी बोलत होता. पंखे असे तिरके का, असं त्यांनी विचारलं तेव्हा तो साखळीच दाखवायला लागला, आणि माझ्या तोंडून आपोआप उत्तर गेलं. प्राध्यापक कौतुकाने म्हणाले, "वा! घरात ऐकून ऐकून बरंच शिकलीस की." मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

आमचा दुसरा नंबर आला. तीन दाखले. नामाने स्वतःचा घेतला आणि कृष्णाबाईचाही घेतला. मी टाळ्या वाजवल्या. बघायलाच आले होते ना.

२५ जानेवारी

घरी. येताना नामा दोनदा जवळ येऊन बसला, दोन्ही वेळा मी उठून बाईंच्या शेजारी गेले. पनवेलच्या स्टँडवर त्याला एकच सांगितलं — मेलास तू मला. तो रडायला लागला. रडू दे. ही कडूबाई नक्की कुणा बड्या माणसाची बायको असणार. माझी जागा विकली आणि बदल्यात काय घेतलं कोण जाणे. परक्याने गळा कापला असता तर इतकं लागलं नसतं.

बाला काही सांगितलं नाही. दाखला नाही म्हटलं तर कॉलेजचं नावही काढू देणार नाही तो. आधी सर.

२७ जानेवारी

सर अजून शाळेत नाहीत. नामा दारावरून गेला. आयने हाक मारली तरी थांबला नाही.

२९ जानेवारी, सोमवार

सर आले. शाळा सुटल्यावर गाठलं. नामाने माझं नाव काढलं, दाखला दुरुस्त करून द्या, म्हणून भडाभडा बोलले. सरांनी चष्मा काढला.

"नामाने नाही, राही. ते नाव तुझ्या वडिलांनी सांगितलं. मला वाटलं, तुला माहीत आहे."

घरी जा, वडिलांना विचार, एवढंच. बाने? बा कशाला त्या बाईचं नाव घालेल?

३० जानेवारी

विचारलं. बा हसला. दाखला नामाने कालच त्याच्याकडे आणून दिला होता, तो कौतुकाने माझ्यासमोर धरला. "कागूद जलमाचा हाय, पोरी. मंग त्याव सासरचाच नाव नको?" चक्र चालायच्या आधीच मुलाकडच्यांनी पसंती कळवली होती, लग्नात ठेवायचं नाव कळवलं होतं, वैशाखातली तिथीही काढली होती. नामाकडून शपथ घेतली होती, परीक्षा होईपर्यंत राहीला सांगायचं नाही.

कृष्णाबाई मीच. नवऱ्याचं नाव मला कुणी सांगितलं नाही, ते मी पुण्याला पाटीवर वाचून आले.