उचलण्याजोग्या वस्तू

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून मी संपादक. ‘चोरवाट’ नावाच्या संकेतस्थळाचा. सदस्य एकशे सात. त्यांतले हयातीची खूण देणारे एकतीस. अठ्ठावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवल्यावर एवढी पटसंख्या मला राज्याभिषेकासारखी वाटते.

आमचं दैवत म्हणजे जुने साहसी खेळ. चित्र नाही, आवाज नाही, पडद्यावर नुसता मजकूर. तुम्ही दालनात उभे आहात, उत्तरेला दार आहे, मेजावर दिवा आहे. आपण लिहायचं, ‘दिवा उचल’. दिवा आपल्या झोळीत. या खेळांवर जीव जडलेली माणसं त्यांच्या पुढच्यामागच्या कथा रचून आमच्याकडे पाठवतात. मी त्या वाचायच्या आणि लावायच्या.

मावळते संपादक स्वतः येऊन कारभार सोपवून गेले. त्यांना सगळे किल्लेदार म्हणतात. छापखान्यात मुद्रितशोधक होते, त्यामुळे माझ्याशी बोलतानाही ते माझ्या चुका शोधत होते. चहाला नको म्हणाले आणि दोन कप प्याले. चौकटीच्या कागदांच्या अकरा वह्या दिल्या आणि तीन रिवाज सांगितले. पहिला, कथेतल्या जागेचा नकाशा संपादकाने काढून बघायचा. खोलीला खोली जुळली तरच कथा खरी. दुसरा, वर्णनात जे जे येईल ते उचलता आलं पाहिजे. उचलता येत नसेल तर लिहायचंच नाही. तिसरा, संपादकाने सात दिवसांत वाचली नाही तर कथा आपोआप प्रसिद्ध होते. मागे एकदा ते आजारी पडले आणि लेखक रुसले, तेव्हा कुणा सदस्याने ही सोय करून ठेवली.

ताईने आतल्या खोलीतून सगळं ऐकलं. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. उभी नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. तेव्हा इतरांची बोलणी जोडून दिली, आता स्वतः बोलून वचपा काढते. खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून माझ्याकडे राहते. म्हणाली, पंडित, तीस पोरं सुधारली नाहीत तुझ्याच्याने, आता एकतीस घोडे सुधारणार होय.

५ सप्टेंबर, गुरुवार

चार कथा वाचल्या. एका किल्ल्यात जिना उतरलं की गच्ची लागते. दुसरीत एक दालन ‘अवर्णनीय’ आहे. अवर्णनीय म्हणजे लेखकाने वर्णन न करण्यासाठी केलेला रजेचा अर्ज. नकाशा काढायला बसलो की कागदावर कोळिष्टक होतं.

पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यापेक्षा नमुना घालून द्यावा. एक घर असं लिहितो की डोळे मिटून चालता येईल.

८ सप्टेंबर, रविवार

लिहिलं. कल्पनेचे घोडे कशाला दामटा, आपलंच घर घेतलं. बाहेरची खोली: मेज, दोन खुर्च्या, पितळी मुठीचं भिंग, दहा मिनिटं पुढे असलेलं घड्याळ. स्वयंपाकघर: एक फडताळ. बोळ. बोळाच्या टोकाला आतली खोली: ‘पलंग. भिंतीला टेकवलेली काठी. खिडकीशी खुर्चीत एक बाई शब्दकोडं सोडवत बसली आहे.’

नकाशा जोडून संकेतस्थळावर लावलं. खाली टीप दिली की सदस्यांनी याच घरावर हात साफ करावा.

ताईने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, घड्याळाची दहा मिनिटं आठवली तुला, भिंगाची मूठ पितळी हेही आठवलं, आणि मी काय, नुसती एक बाई? मी म्हटलं, अल्पाक्षरत्व हा गुण आहे. ती म्हणाली, गुण असेल, तूच घे.

११ सप्टेंबर, बुधवार

नमुन्याला फळ आलं. ‘मुंगी’ नावाच्या सदस्याच्या दोन कथा काल आल्या आहेत. एक वाचली, दुसरी सवडीने. भाषा कोरडी, नेमकी, एकही अवर्णनीय नाही. खेळाडू आमच्या बाहेरच्या खोलीत येतो, भिंग उचलतो, जातो. बस्स. नकाशाशी ताडून पाहिली. पाऊल चुकलेलं नाही. आनंदाने लावली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

भिंग सापडत नाही. ताईकडे नाही. मेजाखाली नाही. संपादकाचं डोकं ठिकाणावर नसणं ही परंपराच असावी.

१४ सप्टेंबर, शनिवार

मुंगीची आणखी एक. या वेळी घड्याळ. त्यात एक वाक्य असं: ‘घरातला माणूस दाराकडे पाठ करून नकाशा काढतो आहे, त्याच्या सदऱ्याच्या कॉलरची शिवण उसवली आहे.’ माझ्या नमुन्यात माणूस नाही. हौसेने घातला असेल म्हटलं आणि लावली. नंतर सदरा काढून पाहिला. कॉलर उसवलेली आहे.

मागे वळलो तर भिंतीवर घड्याळ नव्हतं. खिळाही नाही, खिळ्याचं भोकही नाही. एवढी वर्षं ते तिथे होतं, तरी खालचा रंग उजळ राहिलेला नाही. भिंतीवर कधी काही नव्हतंच, अशी भिंत.

ताईला सांगितलं नाही. तिने मात्र विचारलं की घड्याळाची टकटक कशी थांबली. किल्ली द्यायला विसरलो म्हणून थाप मारली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुंगीची ती न वाचलेली कथा आज सातव्या दिवशी आपोआप लागली. मला कळलं ते आतल्या खोलीतला आवाज ऐकून. ताई सवयीने काठीकडे हात टाकून उठली आणि हाताला भिंत लागली. पलंगाची कड धरली म्हणून वाचली. मनगट सुजलं आहे. म्हणाली, चेष्टेलाही काही सुमार असतो पंडित, काठी कुठे ठेवलीस.

नंतर संगणक उघडला. कथेचं नाव ‘काठी’.

दुपारी चार वाजता नवी आली. नाव: ‘खुर्चीतली बाई’.

१८ सप्टेंबर, बुधवार

वाचली. खेळाडू बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून बोळात, बोळातून आत. खुर्चीत बसलेलं माणूस उचलतो. झोळीत ठेवतो. जातो. रिवाज एकही मोडलेला नाही. वर्णनात आलं ते उचलता आलं पाहिजे. ते वर्णन मी केलं आहे.

नाकारली. तासाभरात परत आली. पुन्हा नाकारली. पुन्हा आली. दर खेपेला एक ओळ जास्त. आताच्या खेपेत ताईच्या सुजलेल्या मनगटाचा उल्लेख आहे. मुदत मात्र तीच, पहिल्या पाठवणीपासून सात दिवस. मंगळवार चोवीस, दुपारी चार.

२० सप्टेंबर, शुक्रवार

युक्ती सुचली आणि मी स्वतःवर खूश झालो. नमुन्यातून आतली खोलीच गाळायची. खोली नाही तर बाई नाही, बाई नाही तर उचलणार काय. ताई आत कोडं सोडवत होती. मोठ्याने विचारत होती, ‘आधार’ला चार अक्षरी शब्द सांग. सांगतो म्हटलं आणि सहा ओळी खोडल्या. जतन केलं.

तिचा आवाज वाक्याच्या मधेच थांबला.

बोळ भिंतीपाशी संपतो. दार नाही. चौकट नाही.

काय केलं मी.

२१ सप्टेंबर, शनिवार

हातोड्याने भोक पाडलं. पलीकडे रस्ता दिसतो. एक माणूस सायकल पुसत होता. त्याने वर पाहिलं.

पण भिंतीला कान लावला की ठोके ऐकू येतात. तीन, थांबून तीन. नोकरीत असताना ती असंच पेन्सिलीने वाजवायची, लाइन जोडली की.

किल्लेदारांना फोन केला. आधी ऐकून घेतलं, मग विचारलं की वर्णनात जिवंत माणूस घालायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं. मी म्हटलं, घालू नये हे कुणी सांगितलं नव्हतं. मग म्हणाले की त्यांनीही एकदा नमुना लिहिला होता. त्यांच्या घराला तेव्हा सज्जा होता. धाकटा भाऊ तिथे बसायचा.

संकेतस्थळ बंद करून चालणार नाही. त्यांनी दोनदा केलं; दोन्ही वेळा सकाळी चालूच होतं. खोडलेलं परत येतं, पण जसं लिहावं तसंच. जे लिहायचं राहील ते येत नाही. आणि आलं की उचलण्याजोगं होतं. खुर्ची मोकळी ठेवू का, मी विचारलं. ते म्हणाले, मी ठेवली होती. तो खेळाडू रिकाम्या हाताने जात नाही. शोधत बाहेर आला. पुढे त्यांनी फोन ठेवला.

२२ सप्टेंबर, रविवार

लिहितो आहे. पलंग, गादी, खिडकी झाली. ताई होत नाही.

काव्यातल्या नायिकांचं नखशिखान्त वर्णन मी वर्षानुवर्षं शिकवलं. भुवया कशा, चाल कशी, पापणीची सावली गालावर कुठवर पडते. आणि सख्ख्या बहिणीचे डोळे काळे की घारे, ते आठवत नाही. कपाळावर व्रण आहे. डावीकडे की उजवीकडे? फोटो काढले. एकाही फोटोत ती नाही. मी आहे, माझ्या शेजारी जागा आहे.

डोळे घारे. व्रण उजवीकडे — लहानपणी मी फेकलेल्या पाटीचा. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. हसताना आधी हसू दाबते. भाजी चिरताना बोलत नाही. नाव, वय, नोकरी, खुबा, मनगट. कोडं पेनानेच सोडवते, पेन्सिलीने नाही. मला कधी —

ठोके मंद झालेत. लिही.

२३ सप्टेंबर, सोमवार

अकरा पानं. सकाळी जतन केली. बोळाच्या टोकाला दार.

ताई खुर्चीत होती. घारे डोळे, व्रण, चष्म्याचा दोरा. पाणी मागितलं. ग्लास दिला तेव्हा म्हणाली, फार त्रास दिला तुम्हाला.

तुम्हाला.

मग जरा संकोचून विचारलं की आपण कोण, आणि हे घर कुणाचं.

अकरा पानं पुन्हा वाचली. तिचं सगळं आहे. कुणाची बहीण ते नाही. लिहायचंच राहिलं. इतकं ठाऊक होतं की लिहावंसं वाटलं नाही.

एक ओळ पुरेशी आहे. अजून घालता येईल.

२४ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी दीड

ओळ घातली नाही. घातली तर ती मला सोडून हलणार नाही. खुबा मोडलेला असला तरी मला शोधत परत येईल. ओळखतो मी तिला. ती मला ओळखत नाही, तेच बरं.

नमुन्यात बदल केला. ‘बाई खुर्चीतून उठली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या आधाराने घराबाहेर गेली.’ शिंपीणबाईंना सांगितलं की ताईला काही दिवस तुमच्या बहिणीकडे, दुसऱ्या गावी, घेऊन जा. विचारू नका का. त्या म्हणाल्या, भांडलात वाटतं भावंडं. हो म्हटलं.

मग पुढची ओळ लिहिली. ‘खुर्चीत एक पुरुष बसला आहे.’

तीन वाजता

ताई निघताना म्हणाली, तुम्ही भले गृहस्थ आहात, जेवत जा वेळेवर. मी मान हलवली.

साडेतीन

खुर्चीत बसलो आहे. नुसतं ‘पुरुष’ लिहून सोडलं तर चालायचं नाही. अर्धवट उचलला तर उरलेल्यासाठी परत येईल. म्हणून नीट लिहितो आहे. उंची पाच फूट पाच. डावा खांदा उतरता. कॉलर उसवलेली. स्वभाव — थट्टेखोर. भित्रा.

पावणेचार

बाहेरच्या खोलीत कुणी चालतं आहे. घाई नाही. खुर्ची सरकली. दुसरी खुर्ची.

चार वाजायला पाच

स्वयंपाकघर. फडताळ उघडलं — मिटलं. भांडं हललं नाही. मजकुरात भांडं नव्हतं.

खिडकीतून रस्ता दिसतो. त्या दोघी अजून खालीच आहेत. गाडी आली नाही का? जा ना. ताई, जा —

हाक मारायची नाही.

बोळ. पावलं मोजून टाकतो आहे. नकाशाप्रमाणे नऊ. चार — पाच —

गाडी आली. दार उघडलं. ती आधी पाय आत घेते आहे, दुखरा मागून. बसली. बसली ती.

आठ

वर बघते आहे. खिडकीत कुणी दिसलं म्हणून नुसतीच. हात हलवते आहे. मीही हात वर