वज्रदेशाचं सैन्य आणि पालमची बस

२ मे १९८८, सोमवार. सेलू

सुट्टी लागली. शाळा नाही, चित्रकलेच्या वह्या नाहीत, घरात कोणी नाही. बायको, दैवशाला, पहिल्या बाळंतपणाला मार्चातच माहेरी, पालमला गेली. म्हणजे माझा युद्धाचा पट, 'महारण', पुरा करायला याहून चांगली वेळ नाही.

बाळंतपण जूनच्या पहिल्या आठवड्यात, असं तिथल्या नर्सबाई म्हणतात. सुट्टी लागल्याबरोबर येतो असं मी कबूल केलं आहे. लागल्याबरोबर म्हणजे दुसऱ्याच दिवशी, असा अर्थ कोणी काढू नये.

ठराव: रोज पाचला उठणे. चहा दिवसातून दोनदाच. रविवारी, आठ तारखेला, पालम.

३ मे

साडेसातला उठलो. पाच ही वेळ थंडीच्या दिवसांसाठी ठीक.

हा खेळ मी का करतो आहे ते एकदा लिहून ठेवतो. गेल्या वर्षी एका रविवारी हेडमास्तरांकडे टीव्ही पाहत होतो. राजा रथातून उतरला, त्याचं चिलखत वाकलं आणि आतला पुठ्ठा दिसला. खोलीत चाळीस माणसं होती, एकालाही राग आला नाही. मला आला. त्याच रात्री वज्रदेशाचा नकाशा काढला. कल्पित देश म्हणजे खोटा देश नव्हे. उडणारा घोडा चालेल, पण त्याचं खोगीर कुठे आवळायचं हे माहीत पाहिजे.

आता पटावर बारा देश आहेत, मातीचे दोनशे बारा सैनिक आहेत. एक बाहुली म्हणजे दोनशे माणसं. वज्रदेशाचंच सैन्य आठ हजार.

५ मे

पटावरचं प्रत्येक हत्यार आधी खरं करून पाहायचं, हा नियम. बाण सराफाच्या काट्यावर तोलून घेतला. सराफ म्हणाला, यात सोनं किती? अडाणी.

भाला चौदा हात केला. खोलीत वळेना. दारातून रस्त्यावर काढला तर एक सायकलवाला आपोआप उतरून बाजूला उभा राहिला. भाल्याचा दरारा सिद्ध. तशी नोंद केली.

९ मे, दुपार

काल पालम जमलं नाही. रविवारी गाड्यांना गर्दी असते.

चिलखत तयार. आश्रुबाने केलं. तो धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करतो, सेलूत त्याच्यासारखा हात दुसऱ्याचा नाही. वजन साडेअकरा किलो. बरोबर बारा वाजता अंगात घालून जिनिंगच्या गेटापर्यंत कूच केलं. परत येताना डोळ्यांपुढे अंधारी आली, चिंचेखाली बसलो. पत्रा इतका तापला की बकलाला हात लावता येईना. आश्रुबाने फडक्याने धरून सोडवलं. म्हणाला, "बन्सीधर गुरुजी, ह्यात मानूस लडंल कवा? त्यो तर शिजंल."

नवा नियम: वज्रदेशाचे चिलखती फक्त थंडीत लढतात. पाठीवर चार फोड. प्रत्येक फोड कामी आला आहे.

१४ मे, शनिवार

मेहुणा आला होता, चंद्रभान. दैवशालाचा थोरला भाऊ. ऊसतोडीचा मुकादम आहे, दर दिवाळीनंतर तीस कोयत्यांची टोळी घेऊन कारखान्यावर जातो, उन्हाळ्यात परत येतो. सरकीची पेंड न्यायला सेलूला आला होता म्हणे. सोबत कुरडया.

पटासमोर तासभर बसला. मला वाटलं, भारावला. मग म्हणाला, "दाजी, ह्येंच्यात भाकरी कोन टाकतंय?"

मी समजावलं की हे सैन्य आहे. त्यावर त्याने टोळी कशी हलवतात ते सांगायला घेतलं. पिठाची पोती कोणत्या ट्रकात, पाणी कुठे भरायचं, कोणी तापला तर त्याच्यापाशी कोणी थांबायचं, हे निघायच्या आधी ठरलेलं असतं म्हणे. आणि त्यांच्यात एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा आणि बायको मिळून एक. एकटा आला तर अर्धा कोयता धरतात. मला हसू आलं. हत्याराची असली मोजणी कुठल्या युद्धशास्त्रात बसेल? पण पाहुणा म्हणून ऐकून घेतलं.

उठताना म्हणाला की दैवशालाचे पाय सुजलेत, रोज वाट बघते, आजच चला. मी म्हटलं, आठवडाभरात नक्की. तो बरं म्हणाला आणि निघाला. वळून पाहिलं नाही. उन्हामुळे असेल.

नियम ७ ब: वज्रदेशाच्या सैन्याला भूक लागत नाही. कल्पित देश आहे, एवढी मुभा घ्यायला हरकत नाही.

१९ मे

पुण्याच्या खेळणी कंपनीचं पत्र. चार पत्रांनंतर उत्तर. साहेब नांदेडला जाताना परभणीला थांबणार आहेत. गुरुवार २६, सकाळी अकरा, स्टेशनजवळच्या लॉजवर खेळ घेऊन या. पत्र सात वेळा वाचलं.

योगायोग पाहा: परभणी पालमच्या वाटेवरच. अकराला भेट, एकला करार, पावणेचारच्या बसने पालम. एका दगडात सगळे पक्षी. आता मध्ये जाऊन परत येण्यात अर्थ नाही.

२३ मे

दैवशालाचं कार्ड. "पोट खाली उतरलंय असं आई म्हणते. रात्री झोप लागत नाही. तुम्ही आलात तर बरं वाटेल." एवढंच.

उत्तर लगेच टाकलं. गुरुवारी संध्याकाळी हजर. 'नक्की' दोनदा लिहिलं. उरलेल्या जागेत हत्तीदलाच्या नव्या रचनेविषयी थोडं, म्हणजे तिला विरंगुळा.

कार्ड उशाशी ठेवलं होतं. झोपेत चुरगळलं. सरळ केलं.

२५ मे, बुधवार. परभणी

एक दिवस आधी निघालो, हे सेनापतीला शोभतं. ट्रंकेत सैनिक, पट, बाण, शिरस्त्राण आणि भाल्याचा हातभर नमुना. चिलखत मावेना, म्हणून अंगात घालून वरून शर्ट. गाडीत तोबा गर्दी. परभणी आली तेव्हा मला बाकावरून उठता येईना, दोघांनी ओढेपर्यंत गाडी सुटली. पिंगळीला उतरलो. तिथून टेम्पोतून, चिलखतासकट, उलटा परभणीला.

खोली वरच्या मजल्यावर. खिडकीतून एसटी स्टँड दिसतं. म्हणजे उद्या वेळ वाया जाणार नाही.

२६ मे, गुरुवार

सकाळी १०.३०. पट मांडून तयार.

११.१५. साहेब नाहीत. पालमची बस लागली. भरली. गेली.

१.३०. मॅनेजर सांगून गेला की साहेबांचा ट्रंककॉल होता. औरंगाबादेत अडकलेत, उद्या येतील.

विचार केला. पालमला जायला अडीच तास, यायला अडीच. साहेब सकाळी लवकर आले तर? वर्षभराचं काम आहे. आणि बाळंतपण जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे, मेच्या शेवटच्या नव्हे. नर्सबाई काय उगाच सांगतील?

३.४५. दुसरी बस. खिडकीजवळची एक जागा रिकामी गेली. पट पुन्हा नीट मांडला.

५.५०. शेवटची बस. पिशवी घेऊन बसच्या दारापर्यंत गेलो. कंडक्टरने विचारलं, येताय का? मी विचारलं, सकाळची पहिली गाडी पालमहून परभणीला किती वाजता पोचते? त्याने दार लावून घेतलं.

आता ती दारात बसली असेल. मी नक्की असं दोनदा लिहायला नको होतं.

२७ मे, शुक्रवार

सकाळी ६. ट्रकच्या आवाजाने जाग आली. खिडकीखालून गेला. मागे बायामाणसं, हंडे, पोती, एक खाट. ऊसतोडीवाले दिसतात. या दिवसांत कुठे निघाले कोण जाणे. धुळीने पट खराब झाला, पुसून घेतला.

१२. साहेब नाहीत. बस गेली.

३.४५. बस गेली. मी खिडकी लावून घेतली. उकडतं आहे, पण दिसत तरी नाही.

५.३०. साहेब चारला आले आणि आत्ता गेले.

सगळं लिहितो. आधी त्यांनी भाल्याचा नमुना हातात घेतला, तोल पाहिला. बाण पाहिले. चिलखताच्या कड्या बोटांनी मोजल्या. म्हणाले, इतकं बारीक काम मी पाहिलेलं नाही. मला वाटलं, झालं काम. मग ते पटाशी बसले आणि विचारलं, किल्ल्याला वेढा पडला तर आतले किती दिवस टिकतील? मी म्हटलं, शेवटच्या माणसापर्यंत. खाणार काय? मी नियम ७ ब दाखवला. जखमी झालेला कुठे जातो? मी म्हटलं, पटाबाहेर. त्याच्यापाशी कोण थांबतं? मी म्हटलं, कोणीच नाही, सगळे पुढे जातात.

त्यांनी एक बाहुली उचलली आणि परत जागेवर ठेवली. मग म्हणाले, "शस्त्रं खरी आहेत. माणसं खोटी आहेत."

खेळ नको. शिरस्त्राण मात्र आवडलं. शाळांच्या गॅदरिंगसाठी मुखवटा म्हणून चालेल. पुठ्ठ्यात, मागे इलॅस्टिक लावून. विचार करून कळवतो म्हणालो. ते गेल्यावर रडलो. खोटं कशाला लिहू, इथे वाचतंय कोण.

आता ट्रंक आवळून निघतो. शेवटची बस वीस मिनिटांत आहे.

त्याच दिवशी, उशिरा

बस गाठलीच नाही. स्टँडवरच्या नळाला घागर लावून कोकिळा उभी होती. चंद्रभानची बायको. मला वाटलं, भास. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "दाजी, कवा आलाव? पोरगी झाली. दोगी बी बऱ्या हायत."

मग चालता चालता सांगितलं. गुरुवारी संध्याकाळपासून दैवशालाला कळा. रात्रभर अडली. पालमच्या नर्सबाईंनी परभणीला न्या म्हटलं. चंद्रभानने ट्रक काढला, पहाटे सगळे इथे. दहाला सिझर झालं. रक्त फार गेलं होतं.

सकाळचा ट्रक तो. त्यातल्या खाटेवर ती होती, आणि मी वर पटावरची धूळ पुसत होतो.

सरकारी दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली अख्खी टोळी उतरलेली. तीन दगडांची चूल, पिठाचं पोतं, पाण्याचे हंडे झाकून ठेवलेले. सासूबाई चतुराबाई वॉर्डात. एक गडी ऑपरेशनच्या दारापाशी, एक औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन पळायला. रक्तासाठी सहा जण आणलेले, त्यांतल्या दोघांचं जुळलं, ते दंडाला बोळा लावून भाकरी खात बसले होते. कोणी कोणावर ओरडत नव्हतं.

दैवशालाचा चेहरा पांढराफटक. डोळे अर्धे उघडले. म्हणाली, "एवढ्या उन्हात सेलूहून आलाव. काई खाल्लं का?"

मी हो म्हणालो. कोणत्या गोष्टीला हो, ते सांगितलं नाही. तिने आईला खुणेने मला जेवायला वाढायला लावलं. मी जेवलो. दोन भाकरी.

२८ मे, शनिवार

मुलीला पाहिलं. लांबून, सासूबाईंच्या हातात. मूठ घट्ट आवळलेली होती. तिला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

दुपारी चंद्रभानने मला बाजूला घेतलं. आवाज अगदी साधा होता. "दाजी, काल सकाळी तुमच्या घरमालकाच्या आडतीवर फोन लावला व्हता. मालक म्हनले, बुधवारीच परभणीला गेले. तुमाला हुडकायला मानूस काडला न्हाई, समदी कामात व्हती. दैवशालाला मी सांगितलं न्हाई. तुमी बी सांगू नका. टाके हायत तिला, रडाया नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो शिव्या देईल म्हणून थांबलो. त्याने फक्त विचारलं, चहा घेता का?

२९ मे, रविवार

सकाळी चंद्रभानकडे काम मागितलं. रक्त देतो म्हटलं. तो म्हणाला, दिलं, आता लागत न्हाई. औषधं? ती आप्पाराव बघतो, त्याला सगळ्या चिठ्ठ्या माहीत आहेत. पाणी कोकिळा भरते. वॉर्डात बायकाच लागतात. मी म्हटलं, मला नकाशे चांगले काढता येतात.

"टोळीत ज्येला अजून काई जमत न्हाई," तो म्हणाला, "त्येला आमी सामानापाशी बसवतो. कुत्री लय हायत हितं."

सकाळपासून बसलो आहे. पोती, हंडे, चपला, माझी ट्रंक, चिलखत. दोन कुत्री हाकलली.

तिसऱ्या प्रहरी दैवशालाच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचे सासरे तंबाखू मळत आले. एवढी माणसं कोणाची म्हणून विचारलं. मी म्हटलं, सात नंबरच्या खाटेवर मुलगी झाली, तिची. मग त्यांनी एकेकाकडे बोट दाखवलं आणि मी सांगत गेलो. तो मामा. ती घागर घेतलेली मामी. दारातली आजी. ते दोघे रक्त दिलेले.

"आन तुमी वो?"

"मी सामानापाशी असतो," मी म्हटलं.